डब्यावाल्यांची संस्था कशी वाढली: दवाखान्याच्या गेटवरचं एक प्रकरण

माझं झेरॉक्सचं दुकान सरकारी दवाखान्याच्या गेटसमोर आहे, मधे फक्त रस्ता आणि एक रसवंती. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मग दवाखाना कुठला ते लगेच कळेल आणि मला तिथल्या डॉक्टर-सिस्टरांची उणीदुणी काढायची नाहीयेत, ती माणसं आपापल्या परीने ओढतायत. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, मोठा दवाखाना, शेजारच्या दोन जिल्ह्यांतूनही पेशंट येतात, एवढं पुरे. आमच्या संस्थेला कागदावर लांबलचक संस्कृत नाव आहे पण ते आम्हालाच नीट पाठ नाही, दवाखान्यात पेशंटसोबत आलेल्या माणसांना डबा देतो म्हणून सगळे 'डब्यावाले' म्हणतात. मी कोषाध्यक्ष, म्हणजे दोन्हीकडून शिव्या खाणारा.

हे लिहून काढायचं कारण म्हणजे आजकाल दोन-तीन महिन्याला कुणीतरी तरुण पोरं दुकानावर येतात, 'काका, आमालाबी असं काहीतरी चालू करायचंय' म्हणतात आणि पहिलाच प्रश्न टाकतात की फंड कुठून आणता. आता फंड लागतोच, नाही कोण म्हणतंय. पण आमच्याकडं जेव्हा जेव्हा आधी पैसा आला आणि मग काम शोधलं तेव्हा आम्ही तोंडावर आपटलोय, आणि जे काम खरंच लोकांच्या उपयोगी पडलं त्याला पैसे मागताना आजही जीभ अडखळते. हे कसं झालं ते सांगतो, जसं आठवतंय तसं.

सुरुवात डब्याने झालेली नाही, पाण्याने झाली. २०१६ चा उन्हाळा. एप्रिलमधे मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला १० वॅगन, ५ लाख लिटर, सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. आमच्याकडं रेल्वे नव्हती आणि टीव्हीवालेही नव्हते, नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी. मोंढ्यातले चार आडते, दोन मेडिकलवाले, हायस्कूलचे एक गुरुजी आणि मी, असा एक व्हॉट्सअॅप ग्रुप झाला, वर्गणी काढून टँकर मागवायचे आणि ज्या गल्लीत नळच नाही तिथं उभे करायचे. जूनपर्यंत चाललं. मग त्याच वर्षी सप्टेंबरअखेर असा पाऊस झाला की कोरडाठाक मांजरा प्रकल्प भरून गेला, लोक बायकापोरं घेऊन धरण बघायला जायचे. आणि आमच्याकडं १८ हजार ४०० रुपये शिल्लक राहिले.

परत द्यायचे तर कुणाचे किती, ५० रुपयेवालेही होते. एक जण म्हणला मंदिराला द्या, एक जण म्हणला पुढच्या दुष्काळाला ठेवा, त्याला काय तोटा आहे आपल्याकडं. गुरुजींनी सांगितलं की काल रात्री वॉर्डाबाहेर एक माणूस नळाच्या पाण्यात बिस्कीट बुडवून खात होता, पेशंटला दवाखान्याचं जेवण मिळतं, सोबत आलेल्याला कोण देतं? तेवढ्यावर ठरलं. वीस डबे, रोज संध्याकाळी. दोन भाकरी, पिठलं नाहीतर वरण, ठेचा.

पहिल्या दिवशी वीसपैकी सात डबे गेले. आम्हाला वाटलेलं झुंबड उडेल. परळीकडचे एक म्हातारे बाबा होते, फेटा, हातात काठी, मी डबा पुढं केला तर म्हणले, "आमी काय मागून खानारे हाव का? पंधरा एकर हाय मला." घेतलाच नाही. नंतर त्यांना मी स्वतः पाहिलं, रसवंतीच्या मागं बसून घरून आणलेली तीन दिवसांची वाळली भाकर पाण्यात भिजवून खाताना.

तेव्हा मेडिकलवाल्यांपैकी एकाने डोकं लावलं. डब्यांच्या टेबलावर पत्र्याची पेटी ठेवली आणि पाटी लावली, 'डबा ५ रुपये, सुट्टे नसतील तर उद्या द्या.' फुकट हा शब्द पुसला. आठवड्यात डबे कमी पडायला लागले. पेटीत रोजचे साठ-सत्तर रुपये निघायचे, त्यात कांदेसुद्धा येत नाहीत, पण पेटी पैशासाठी नव्हतीच. त्या बाबांनी पुढं दहाची नोट टाकली आणि म्हणले, "कालचेबी घ्या." कालचा डबा त्यांनी घेतलाच नव्हता. मी काही बोललो नाही.

भाकरी कोण करणार हा पुढचा प्रश्न. सुरुवातीला आमच्या घरच्याच बायका, आणि महिनाभरात घराघरात कुरकुर सुरू, बरोबरच होतं ते. मग मागच्या गल्लीतल्या बचत गटाला काम दिलं, भाकरीला ४ रुपये. इथं आमच्यात पहिलं भांडण झालं, की सेवेच्या कामाला मजुरी कशी द्यायची, त्या पुण्य म्हणून करतील की. त्या गटाच्या आक्का मीटिंगला आल्या आणि सरळ म्हणल्या, "पुन्याची भाकर तुमी करा, आमी इकतची करताव." विषय संपला. ते भांडण पुढं पुन्हा येणार होतं, जास्त मोठं होऊन.

पहिल्याच वर्षी येळवशीला फजिती झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वेळ अमावस्येला आमच्या भागात सगळं गाव शेतात असतं, कडब्याची कोप करून पांडवांची पूजा, भज्जी, आंबिल, दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. बचत गट शेतात, आम्ही शेतात, आणि संध्याकाळी घरी येऊन मस्त पसरलेलो असताना वॉचमनचा फोन, "भौ, इथं चाळीस मान्सं टेबलापशी उभी हायती." टेबलसुद्धा मांडलेलं नव्हतं, नुसती जागा धरून उभे होते. त्या रात्री ब्रेड आणि केळी वाटली. पण आमच्या डोक्यात तेव्हा एक गोष्ट नीट बसली की आता हे 'जमेल तेव्हा' नाही राहिलं, लोक धरून चाललेत की डबा आहे. पुढच्या वर्षीपासून येळवशीला आजूबाजूच्या शेतांमधनंच भज्जी-आंबिल येते, घागरीच्या घागरी, त्या दिवशी दवाखान्यात डबा खायला नर्सासुद्धा येतात.

२०१८ ला नोंदणी केली, कारण वर्गणी लाखात जायला लागली आणि ती माझ्या बचत खात्यावर पडायची, माझा सीए मेव्हणा म्हणला जेलात जाशील. प्रक्रिया सांगून बोअर करत नाही, पण थोडक्यात, कमीत कमी सात सभासद, १८६० च्या कायद्याखाली सोसायटी आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली ट्रस्ट, आपल्याकडं दोन्ही नोंदण्या होतात, धर्मादायच्या ऑफिसातूनच. मग पॅन, बँक, मग इन्कमटॅक्सचं १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करात सूट). ८०जी मिळाल्यावर कळलं की देणगीदाराला रोखीत २ हजारापर्यंतच सूट मिळते, त्याच्यावर चेक नाहीतर ऑनलाइन, आणि आमचे निम्मे देणगीदार मोंढ्यातले, रोखीशिवाय ज्यांचा हात चालत नाही. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, तो आम्ही एकदा विसरलो आणि त्या एका विसरण्यापायी किती खेटे घातले ते विचारू नका. पोरांना मी सांगतो, रजिस्ट्रेशन करा पण त्याने संस्था वाढत नसते, फाइल वाढते.

फोटोचं प्रकरण पण त्याच वर्षीचं. वाढदिवसाला डबे द्यायची पद्धत पडली होती, एका दिवसाचा खर्च देणाऱ्याचा, आणि देणारा स्वतः येऊन वाटणार, फोटो ग्रुपवर. पैसे छान यायचे, महिन्याचे वीस-बावीस दिवस बुक. एक दिवस पुण्याहून फोन आला, पोरगा रडायलाच लागला, "माझ्या बापाचा फोटो फिरायलाय, हातात डबा घेतलेला, माझ्या सासुरवाडीनं पाहिला, तुम्ही काय आमची इज्जत वाटायला बसलात का?" कंपनीत कामाला होता तो, घरी पैसे पाठवायचा, बापाने पैसे वाचवायला डबा घेतलेला. मी फोटो काढायला लावला पण फॉरवर्ड झालेला कुठून काढणार. दुसऱ्या दिवसापासून फोटो बंद. डब्याचा, भाकरीच्या टोपल्याचा काढा, माणसाचा नाही. त्यानंतरच्या तीन महिन्यांत वाढदिवस वीसवरून सहा-सातवर आले. म्हणजे तेरा-चौदा लोक डब्यासाठी नाही, फोटोसाठी पैसे देत होते. चूक त्यांची नाही, आम्हीच ती सवय लावलेली.

आता मुद्द्याचं.

२०१९ ला दिवाळीच्या आधी अहमदपूरकडचा एक माणूस होता, पोराच्या मांडीचं हाड मोडलेलं, मोटरसायकलवरनं पडला. अठरा दिवस राहिला. डबा तेव्हा आम्ही दोन्ही वेळचा करत होतो, तो दोन्ही वेळा रांगेत असायचा, शेवटी शेवटी टेबल पुसायला मदतसुद्धा करायचा. जायच्या दिवशी माझ्या दुकानावर डिस्चार्जच्या कागदाचं झेरॉक्स काढायला आला, सोबत सातबारा, रेशनकार्ड असं सगळं एका कॅरीबॅगेत. मी सहज विचारलं खर्च किती आला, तर म्हणला रॉड आणि बाकी सामान बाहेरून, २२ हजार, शेळ्या विकल्या. मी म्हणलं जीवनदायीत का नाही बसवलं? (सरकारच्या मोफत उपचाराच्या या योजनेचं नाव २०१७ पासून महात्मा फुले जन आरोग्य झालंय, पण आमच्याकडं अजून सगळे जीवनदायीच म्हणतात.) तर म्हणला, पांढऱ्या कार्डाला नसतंय म्हणले.

कोण म्हणलं? कुणीतरी. रांगेतलाच कुणीतरी.

आता गंमत बघा, पिवळ्या-केशरी रेशनकार्डाला तर योजना होतीच, पण राज्यातले जे १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्हे धरलेत, त्यात मराठवाड्याचे आठही आहेत, तिथं पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालासुद्धा सातबारा दाखवून योजना लागू होती, तेव्हाच, २०१९ ला. त्याच्या कॅरीबॅगेत दोन्ही कागद होते. अठरा दिवस. त्या रात्री मी हिशोब मांडला, आम्ही त्याला ३६ डबे दिले, २५ रुपये धरून ९०० रुपये. आणि एक प्रश्न विचारला नाही म्हणून त्याचे २२ हजार गेले. मी झेरॉक्सवाला, दिवसभर लोकांचे कागदच बघतो, आणि मला दिसलं नाही.

त्यानंतर मी दुकानावर बसून नुसतं बघायला लागलो. नव्या सुनेचं नाव सासरच्या कार्डावर चढलेलं नसतं, माहेरच्या कार्डावरनं कमी झालेलं नसतं, ती अशी मधेच लटकलेली आणि बाळंतपणात गुंतागुंत. आधारवर 'सखुबाई' आणि कार्डावर 'सखूबाई'. कार्ड आहे पण ऑनलाइन १२ अंकी नंबर नाही. आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा माणूस, काउंटरवर असतो, तो सांगतो काय आणायचं ते, पण 'तहसीलच्या पुरवठा शाखेतून ऑनलाइन करून आणा' हे वाक्य जळकोटच्या किंवा लोह्याच्या म्हाताऱ्या माणसाला, ज्याचा पोरगा आत अॅडमिट आहे, त्याला तुम्ही सांगितलं काय आणि चंद्रावर जाऊन या म्हणलं काय, सारखंच.

मीटिंगला मांडलं, की कागदाचं टेबल लावू. सगळे गप्प. गुरुजी म्हणले चांगलं आहे पण आपलं काम डब्याचं. आडत्यांपैकी एक म्हणले, "त्याला वाढदिवसाला काय बुक करनार, एक दिवसाचे रेशनकार्ड?" सगळे हसले, मीपण. पण त्यांचं बरोबर होतं, तिथंच तर सगळं अडतं. भाकर दिसते, कागद दिसत नाही.

सुटका वेगळ्याच बाजूने झाली. जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली, आधी जिल्ह्याच्या ठिकाणी, १० रुपयाला, मग लॉकडाऊन लागल्यावर तालुक्यालाही आली आणि ५ रुपयाला झाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. आमच्याकडचं केंद्र दवाखान्यापासून पाच मिनिटांवर. आमच्यातल्या दोघांना याचा जाम राग आला, 'आपलं गिऱ्हाईक पळवलं' असं एक जण खरोखर म्हणला. मी म्हणलं अरे गिऱ्हाईक कसलं, आपण काय खानावळ टाकलीय का. थाळी दुपारचीच होती, रात्रीचं काही नव्हतं. म्हणून आम्ही दुपार सोडून दिली आणि रात्र धरली. सोपं वाटतं लिहायला, पण चालू काम बंद करायला दोन मीटिंगा आणि एक राजीनामा लागला. दुपारच्या डब्याचे जे पैसे वाचले त्यातनं कागदाचं टेबल सुरू झालं. शासनाने थाळी काढली नसती तर आमचं ते टेबल कधी लागलं असतं कुणास ठाऊक.

२०२१ च्या एप्रिल-मे बद्दल मी लिहीत नाही. डबे दोनशेच्या वर गेले, सांगण्यासारखं तेवढंच. पण ते संपल्यावर खरं काम आलं, कोरोनात गेलेल्यांच्या घरच्यांना ५० हजार मिळणार होते, अर्ज ऑनलाइन, आणि कुणाच्या दाखल्यावर कारण लिहिलेलं नाही, कुणाचा रिपोर्ट हरवलेला, कुणाच्या घरी कर्ता माणूसच गेलेला त्यामुळं बँकेचं काय कसं कुणालाच माहीत नाही. तेव्हा टेबलाला पहिल्यांदा माणूस ठेवला, तहसीलमधून रिटायर झालेले एक अव्वल कारकून, सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणतात. महिना ८ हजार मानधन.

इथं ते जुनं भांडण परत आलं. आक्कांना भाकरीचे पैसे देतो ते पचलं होतं कारण भाकर म्हणजे माल. पण 'पेन्शन घेणाऱ्या माणसाला आपण देणगीतून पगार द्यायचा?' एका मोठ्या देणगीदारांनी सरळ सांगितलं माझा पैसा पगाराला वापरायचा नाही, फक्त अन्नाला. मी त्यांना अहमदपूरवाल्याचा हिशोब सांगितला, ९०० आणि २२ हजार. ते म्हणले पटतंय, पण मन होत नाही. मला त्यांचा राग नाही आला खरं तर, दान देताना माणसाला काहीतरी पोटात गेलेलं बघायचं असतं. त्यांचे पैसे आजपण फक्त गव्हाला-ज्वारीला जातात, वेगळं खातं ठेवलंय. भाऊसाहेबांचं मानधन आम्ही पाच जण खिशातनं भरायचो, दोन वर्षं.

भाऊसाहेब काय करतात हे एकदा बसून बघायला पाहिजे. फॉर्म भरणं हा त्यातला लहान भाग. त्यांना माहीत असतं की कुठला कागद कुठल्या टेबलावर कुठल्या वारी सुटतो. निराधारची फाइल असेल तर उत्पन्न वर्षाला २१ हजाराच्या आत पाहिजे, दाखला किती दिवस चालतो, तलाठी कोणत्या दिवशी सज्जावर असतो. दवाखान्यात नवरा गेलेल्या बाईला ते घाई करत नाहीत, पण मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली की पुढचं सगळं सोपं जातं म्हणून तिच्या दिराचा नंबर लिहून घेतात आणि पंधराव्या दिवशी फोन करतात. मोठं ऑपरेशन इथं होणार नसेल तर धर्मादाय दवाखान्यात गरिबांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीत राखीव असतात हे सांगतात आणि तिथं कुणाला भेटायचं ते चिठ्ठीवर लिहून देतात. एकदा त्यांना म्हणलं भाऊसाहेब तुम्ही नोकरीत असताना पण असंच करायचा का? हसले नुसते. "तवा मी टेबलाच्या त्या बाजूला व्हतो."

आता आमची सगळ्यात मोठी चूक. २०२२ ला एका कंपनीचा सीएसआरवाला अधिकारी आला, कंपनीचं नाव सोडा. कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकार्याला (सीएसआर) द्यावेच लागतात आणि पैसे घेणाऱ्या संस्थेला एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ चा नंबर लागतो, तो आम्ही घेऊन ठेवलेला. त्याला पर प्लेट कॉस्ट पाहिजे होती आणि वर्षाला किती प्लेट. कागदाच्या टेबलाबद्दल सांगितलं तर म्हणला, सर हे मेजर कसं करायचं? मी म्हणलं वाचलेले पैसे मोजा. म्हणला त्याला आमच्याकडं कॉलम नाही. पण दुसऱ्या तालुक्यात किचन काढा, भांडी, भट्टी, एक वर्षाचा किराणा, सगळं देतो. आणि आम्ही हुरळलो, खोटं कशाला बोलू. फ्लेक्स लागला, उद्घाटन झालं, चाळीस किलोमीटरवरच्या गावात, ग्रामीण रुग्णालयाजवळ.

पाच महिन्यांत बंद. कारण ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं, तिथले पेशंट आसपासच्या दहा-पंधरा किलोमीटरचे, नातेवाईक संध्याकाळच्या एसटीनं नाहीतर मोटरसायकलीवर घरी जातात आणि सकाळी घरून डबा घेऊनच येतात. थोडा सिरीयस पेशंट असला की तो आमच्याकडंच पाठवतात. मग तिथं जेवायला कोण? एसटी स्टँडवरचे रोजचे चार-पाच आणि स्वयंपाकी स्वतः. आम्ही एकदाही संध्याकाळी सात वाजता तिथं जाऊन उभे राहिलो नव्हतो. तिथल्या सिस्टरनं नंतर सांगितलं, की इथं जेवण नको होतं, रात्री पेशंट पुढं पाठवताना सोबतच्या माणसाकडं गाडीभाड्याला आणि पहिल्या दिवसाला पैसे नसतात, त्याचं काहीतरी बघा. अॅम्ब्युलन्स फुकट जाते, पण परत कसं यायचं? हे उद्घाटनाच्या आधी विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम. ती भांडी अजून माझ्या गोदामात आहेत, गल्लीत कुणाचं लग्न असलं की नेतात. सिस्टरनं सांगितलेलं काम मात्र सुरू केलं, तिच्याकडं एक लहान रक्कम ठेवतो, ती ज्याला गरज त्याला देते आणि वहीत लिहिते, महिन्याला हिशोब. कंपनीला ते दाखवलं नाही, त्यालाही कॉलम नसणार.

दसरा-दिवाळीनंतर आमच्या दवाखान्याचा चेहरा बदलतो. गावंच्या गावं ऊसतोडीला गेलेली असतात, कोयते, म्हणजे तोडणीच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, मार्च-एप्रिलपर्यंत परत येणं नाही. मागं म्हातारे आणि शाळेची लेकरं. तेव्हा पेशंट असतो पण नातेवाईकच नसतो. आमचा डबा नातेवाईकासाठी! २०२३ च्या डिसेंबरमधे एक आजी होत्या, धारूरकडच्या, त्यांच्यासोबत नऊ वर्षांची नात. ती पोरगी रोज रांगेत यायची, पाच रुपये टाकायची, डबा न्यायची. चौथ्या दिवशी आक्कांनी विचारलं, "बाळा, मोठं मानूस कुणी न्हाई का संगं?" तर म्हणली, "मीच हाव."

आजीला दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. संमतीच्या कागदावर सही कोण करणार? आम्ही करू शकत नाही, आम्ही कोण? लेकाचा फोन लागत नव्हता, मग मुकादमाचा नंबर काढला, त्याच्याकडनं लेकाशी बोलणं झालं, लेक म्हणला निघतो पण मुकादम सोडंना, उचल फिटली नाही म्हणे. शेवटी आजीनं स्वतःच अंगठा दिला, शुद्धीवर होत्या, हुशार होत्या, आणि डॉक्टरांनी फोनवर लेकाला सगळं समजावून सांगितलं. लेक तिसऱ्या दिवशी पोचला. तोपर्यंत आक्का आणि त्यांच्या गटातल्या एक मावशी पाळीपाळीनं कॉटजवळ झोपल्या. कुणी ठरवलं नव्हतं, ठराव नव्हता, बजेट नव्हतं.

त्या हिवाळ्यापासून आम्ही 'सोबत' सुरू केली. एकट्या पेशंटजवळ रात्री एक बाई किंवा माणूस, औषध आणून देणं, लघवीला नेणं, बोलत बसणं. रात्रीचे ३०० रुपये. यावेळी पैसे द्यायचे की नाही यावर भांडण झालं नाही, बहुतेक सगळे थकले असतील. दवाखान्याने आधी कचकच केली, ती पण बरोबरच होती, रात्री वॉर्डात कोण कुठला माणूस येतो हे त्यांना माहीत पाहिजे. मग ओळखपत्र, पोलीस पडताळणी, बायकांच्या वॉर्डात फक्त बायकाच, औषधाला हात लावायचा नाही, असे नियम त्यांनी लिहून दिले आणि आम्ही पाळतो. एका सोबत्याला एका रात्री पिऊन आला म्हणून काढला. हेपण लिहायला पाहिजे, नाहीतर वाटेल आमच्यात सगळे संतच आहेत.

मधल्या काळात टेबलाचं काम कमी होईल असं वाटलेलं. जुलै २०२३ ला शासनाने आरोग्य योजना सगळ्याच कुटुंबांना लागू करायचा निर्णय घेतला, ५ लाखांपर्यंत, प्रत्यक्षात ते २०२४ च्या जुलैपासून आलं, म्हणजे पांढरं-केशरीची भानगडच संपली. भाऊसाहेब म्हणले आता मी रिकामा. कशाचं काय. कार्डाचा रंग गेला तरी नावातली चूक तशीच, आणि मग केवायसी आली, रेशनची केवायसी, बँकेची केवायसी, म्हाताऱ्यांचे अंगठे मशीनवर उठत नाहीत कारण आयुष्यभर मातीत हात. रांग उलट वाढली.

आणि मग २०२५ चा सप्टेंबर. ज्या मराठवाड्याला रेल्वेनं पाणी आणलं होतं तिथं नद्या घरात शिरल्या, धाराशिव, बीड, लातूर, नांदेड, कुठलाच जिल्हा सुटला नाही. सोयाबीन काढणीला आलेलं. आमच्या संस्थेला आयुष्यात कधी आले नाहीत एवढे फोन त्या पंधरा दिवसांत आले, सगळे एकच विचारायचे, किट किती रुपयाला, ट्रक कुठं पाठवू. तीन ट्रक जुने कपडे आले, त्यातले निम्मे नेसण्यासारखे नव्हते, ते उतरवून घ्यायला आणि निवडायला सोबतीची माणसं चार दिवस अडकली आणि वॉर्डात तेवढ्या रात्री कुणी नव्हतं. दुसऱ्या ट्रकलाच नाही म्हणायला पाहिजे होतं. मला नाही जमलं. समोरचा माणूस कळवळून देत असतो.

लोक मात्र दुकानावर वेगळंच घेऊन येत होते. चिखलाने चिकटलेली रेशनकार्डं, पासबुकं, लेकरांचे शाळेचे दाखले, एका बाईने तर आख्खी पत्र्याची पेटीच आणली, आत सगळा लगदा. ऑक्टोबरमधे ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं, पण ते खात्यावर यायला शेतकरी आयडी पाहिजे, आधार जोडलेलं खातं पाहिजे, पंचनाम्यात नाव पाहिजे. पान सुटं करायला आधी पाण्यातच ठेवायचं, घाईने ओढायचं नाही, मग दोन कोऱ्या कागदांमधे दाबून पंख्याखाली. हे मला झेरॉक्सच्या धंद्यात कुणी शिकवलं नव्हतं, तीन-चार कागद फाडल्यावर कळलं. दुकानात दोरी बांधून कागद वाळत घातले होते, वाळले की स्कॅन, आणि भाऊसाहेब बाजूला बसून कुणाचं कुठलं डुप्लिकेट कुठं मागायचं ते लिहून द्यायचे. पैसे नाही घेतले, लॅमिनेशनचे सुद्धा. मालकीण घरी म्हणली, दुकान आहे का धर्मशाळा.

सध्याची परिस्थिती अशी आहे. डबे रात्रीचे ११० च्या आसपास, ज्वारीचे भाव वर गेले की पिठल्याचे दिवस वाढतात. सोबतीला नऊ माणसं, त्यातल्या सात बायका. भाऊसाहेबांना यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून एक कॉम्प्युटर शिकलेली पोरगी हाताखाली घेतलीय, तिच्याच आईला आम्ही मागं कोरोनाच्या ५० हजारांचा फॉर्म भरून दिला होता. तिला १० हजार देतो आणि ते मार्चपर्यंतच पुरतील एवढे आहेत. एक देणगीदार शववाहिका द्यायला तयार झालेत, नवीकोरी, बाजूला त्यांच्या वडिलांचं नाव. लागते का? कधीकधी खूप लागते, रात्री दोन वाजता माणूस गेला की गावाकडं न्यायला खाजगी गाडीवाले काय मागतील त्याला धरबंध नसतो. पण ड्रायव्हर, डिझेल, इन्शुरन्स, मेंटेनन्स कोण देणार यावर ते म्हणतात ते संस्थेने बघावं. त्यांना मी म्हणलं गाडी लहान घ्या आणि उरलेल्यातनं तीन वर्षांचा ड्रायव्हर द्या, हवं तर त्याच्या शर्टावर वडिलांचं नाव लिहू. हसले, विचार करतो म्हणले. रविवारी मीटिंग आहे. आक्कांना यावेळी विश्वस्त म्हणून घ्यायचं पण त्याच मीटिंगला आहे, म्हणजे परत बदल अर्ज, ९० दिवस, मी तारीख आत्ताच दुकानाच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवलीय.